नववीचे बीजगणित : धडा घरी, गणिते वर्गात आणि मुलांचा ब्लॉग

धागाकर्ती : सरावसंच

सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेत मी नववी आणि दहावीला गणित शिकवते. नववीच्या ज्या तुकडीविषयी लिहिते आहे तिच्यात 52 मुले आहेत आणि तासिका 35 मिनिटांची असते. हजेरी, सूचना आणि आदल्या दिवशीच्या गृहपाठाची विचारपूस यांत दहा मिनिटे जातात, उरलेल्या पंचविसांत मी फळ्यावर दोन उदाहरणे सोडवून दाखवते आणि घंटा होते. मुलांनी स्वतः हात घालायचा तो सरावसंच मात्र घरी, रात्री, जिथे अडले तर विचारायला कोणी नसते. सोपे काम माझ्यासमोर आणि अवघड काम एकट्याने, ही वाटणी मला कित्येक वर्षे खटकत होती.

या जूनपासून एका तुकडीपुरता मी हा क्रम उलटा केला. पुस्तकांच्या चळतीवर मोबाईल आडवा ठेवून, खाली वहीवर लिहीत लिहीत बोलायचे, असा सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ मी आदल्या दिवशी करते. त्यात माझा चेहरा नसतो, हात, पेन आणि वही एवढेच दिसते. (एकदा मागे कुकरची शिट्टी झाली, आणि त्या भागातले मुलांना तेवढेच नेमके लक्षात राहिले.) मुले तो व्हिडिओ घरी पाहतात आणि सरावसंच वर्गात, माझ्या नजरेखाली सोडवतात.

जोडीला वर्गाचा एक ब्लॉग काढला. चार-चार मुलांचे 13 गट केले. प्रत्येक गटाने व्हिडिओ पाहून एक नोंद लिहायची आणि लिहिणारे मूल दर आठवड्याला बदलायचे, असा नियम ठेवला. पहिले तीन आठवडे मी पुरती निराश झाले. ‘आजचा भाग चांगला समजला, बाईंनी छान समजावले’ अशा अर्थाचे वाक्य 13 पैकी 9 नोंदींत होते. चूक माझीच होती. ‘काय समजले ते लिहा’ असे विचारले की मुले शिष्टाचार पाळतात. मग मी प्रश्न बदलला. समीकरणातील एखादी पायरी द्यायची आणि ‘हे असे का चालते, ते सहावीतल्या भावाला सांगितल्यासारखे लिहा’, एवढेच म्हणायचे. पहिलाच प्रश्न होता, पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेले की त्याचे चिन्ह का बदलते. एका गटाची नोंद जशीच्या तशी देते :

‘बरोबरचे चिन्ह ही गावाची वेस आहे. वेस ओलांडली की अधिकचे उणे होते. म्हणून 3x = 12 मध्ये 3 हा अधिक आहे, तो पलीकडे गेला की उणे 3 होतो. म्हणून x = 9.’

लिहिणारी मुलगी हुशार आहे, चाचणीत तिला चांगले गुण असतात. तिने नियम चुकीचा ऐकलेला नव्हता. मी अठरा वर्षे ज्या शब्दांत तो सांगत आले त्याच शब्दांत तिने तो ऐकला होता, आणि तिने केवळ तो इमानदारीने शेवटपर्यंत लावला. वहीतले उत्तर चुकले असते तर मी लाल पेनाने फुली मारून पुढे गेले असते. चूक कुठल्या वाटेने आली ते मला त्या चार वाक्यांनीच दाखवले.

दुसऱ्या दिवशी संगणक कक्षात प्रोजेक्टरवर जिओजेब्रा हे आलेख आणि आकृत्या काढण्याचे सॉफ्टवेअर उघडले. हे मोफत आहे आणि एकदा संगणकावर घेतले की इंटरनेटशिवाय चालते, म्हणून आमच्यासारख्यांना सोयीचे पडते. 2x + 3 = 11 हे समीकरण घेऊन y = 2x + 3 आणि y = 11 अशा दोन रेषा काढल्या. आलेख काढायला मुलांना अजून पुरते येत नव्हते, परंतु पाहायला येत होते. रेषा (4, 11) या बिंदूत छेदल्या. दोन्हींतून 3 वजा केले, दोन्ही रेषा खाली सरकल्या आणि छेदनबिंदू (4, 8) वर आला. दोन्हींना 2 ने भागले, तो (4, 4) वर आला. x = 4 या उभ्या रेषेवरून तो बिंदू विहिरीत पोहरा सोडावा तसा सरळ खाली उतरत होता, इकडेतिकडे हलत नव्हता. मग त्या मुलीचे समीकरण घेतले. y = 3x आणि y = 12 यांचा छेद (4, 12) वर होता; तिच्या दुसऱ्या पायरीच्या रेषा y = x आणि y = 9 काढल्या, तर बिंदू उडी मारून (9, 9) वर गेला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, तिने डावीकडून 2x काढले आणि उजवीकडून 3 काढले.” इतक्या नेमक्या शब्दांत ते मलाही सांगता आले नसते. ‘पलीकडे नेणे’ हा शब्दप्रयोग मी त्या दिवसापासून बंद केला आहे.

आता माझ्या अडचणी. 52 पैकी 14 मुलांच्या घरी एकच मोबाईल आहे आणि तो वडिलांबरोबर सकाळी बाहेर पडतो तो रात्री आठनंतर परततो. दुसरे म्हणजे, हे सारे नोंदींच्या बळावर चालते आणि मुले त्या किती दिवस मनापासून लिहितील याची मला धास्ती आहे. ज्यांनी असे काही केले आहे, किंवा करून सोडून दिले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद 1 : हडसनकाठ

मी न्यू जर्सीतील एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. इथे प्रत्येक मुलाला शाळेचा लॅपटॉप मिळतो, तरीही व्हिडिओ न पाहता येणारी मुले दर वर्गात असतातच. त्यामुळे मोबाईल नसणे ही अडचण खरी असली तरी सगळी अडचण तेवढीच आहे असे मानू नका.

‘फ्लिप्ड क्लासरूम’ म्हणजे उलटा वर्ग, ही पद्धत ज्यांच्यामुळे प्रसिद्ध झाली ते जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स कोलोरॅडोतील वुडलँड पार्क इथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत. डोंगरातले गाव, सामन्यांसाठी मुलांना लांब जावे लागे आणि तास बुडत, म्हणून 2007 मध्ये त्यांनी धडे चित्रित करायला सुरुवात केली. म्हणजे मूळ हेतू गैरहजर मुलांचा होता. वर्गातला वेळ मोकळा झाला की त्याचे काय करायचे, हा प्रश्न त्यांना पुढे पडला. पुष्कळ शाळांनी पहिला अर्धा उचलला आणि दुसरा सोडला. आमच्याकडेही एका वर्षी तसेच झाले : घरी व्हिडिओ, वर्गात छापील कागद, आणि शिक्षक टेबलापाशी बसून. मुलांना ते फळ्यापेक्षाही कंटाळवाणे झाले.

व्हिडिओच हवा असेही नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर 1990 च्या दशकाच्या आरंभापासून मुलांना पुस्तकातला भाग आधी वाचून यायला सांगत आणि वर्गात एकच संकल्पनेचा प्रश्न विचारत. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर निवडायचे. बरोबर उत्तरे साधारण 30 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान असली तर शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. तुमच्या 14 मुलांना पाठ्यपुस्तकातले सोडवलेले एक उदाहरण वाचून यायला सांगितले तरी वर्ग तितकाच उलटा होतो.

प्रतिसाद 2 : खडूफळा

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे, तेव्हा थोडे कडू बोलणार, ते गोड मानून घ्यावे. माझ्या कारकिर्दीत शाळेत रेडिओ आला, दूरचित्रवाणी संच आला, संगणक आले आणि एका खासगी कंपनीचा ‘स्मार्ट’ फळाही आला. त्या फळ्यावर आज शाळेचे फुलांचे तोरण अडकवतात. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, दीक्षा ॲप आले. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा मलाही अभिमान वाटला. परंतु कोड छापला म्हणून तो प्रत्येक घरात उघडला जातो असे नाही.

सरावसंच बाई, तुमच्या लेखात मला पटलेली गोष्ट ब्लॉगही नाही आणि जिओजेब्राही नाही. मुलीने चार वाक्ये लिहिली आणि तुम्ही ती वाचली, ही ती गोष्ट. ते निबंधाच्या वहीतही झाले असते. मग संगणकाची उठाठेव कशासाठी? शिवाय हिशेब मांडा : दहावीला बीजगणिताचे 40, भूमितीचे 40 आणि अंतर्गत 20 गुण असतात. त्यांत ‘का चालते’ याला किती गुण आहेत? पालकसभेत हा प्रश्न येणार आहे, तयारी ठेवा.

प्रतिसाद 3 : सरावसंच

खडूफळा सर, आपला वहीचा मुद्दा मी आधी करून पाहिला आहे. वही एकटी मीच वाचते, आणि तीही दोन दिवसांनी. ब्लॉगवरची नोंद रात्री नऊला येते आणि सकाळी तासाला जाण्यापूर्वी माझ्या वाचनात असते. दुसरे, ती इतर 12 गटांनाही दिसते. वेशीच्या नोंदीखाली दुसऱ्या गटाने लिहिले होते, ‘मग x पण अधिक होता, तो का नाही गेला?’ हा प्रश्न माझ्या वहीत कधी आला नसता. वाचायला मला 13 नोंदींना साधारण अर्धा तास लागतो, आणि मी शुद्धलेखन तपासत नाही, हे आपल्याला आवडणार नाही याची कल्पना आहे.

गुणांविषयी एवढेच सांगते की, पायऱ्यांना गुण असतात आणि पायरी का टाकली हे ज्याला कळते त्याच्या पायऱ्या कमी गळतात. तुकडीचे गुण वाढले, असा दावा मी आज करणार नाही. सहामाही अजून व्हायची आहे.

हडसनकाठ ताई, वाचून येण्याचा पर्याय मी सोमवारपासून लावते. शाळेच्या संगणकावर व्हिडिओ उतरवून ठेवले आहेत, मधल्या सुट्टीत काही मुले ते पाहतात. परंतु मधल्या सुट्टीत मुलाने खेळावे असे मला वाटते, त्यामुळे ती सोय मनापासून रुचत नाही.

प्रतिसाद 4 : मोगरा

मी शिक्षिका नाही, नववीतल्या मुलाची आई आहे. आमच्या मुलाच्या शाळेत असाच ब्लॉग निघाला, तो मात्र सर्वांना खुला होता. मुलांची पूर्ण नावे, तुकडी आणि फोटो त्यावर होते. एका मुलाच्या चुकीच्या उत्तराचे पडद्यावरून चित्र (स्क्रीनशॉट) काढून दुसऱ्या तुकडीतल्यांनी ते व्हॉट्सॲपवर फिरवले आणि ते मूल आठवडाभर शाळेत गेले नाही. चूक उघड लिहायला सांगणार असाल तर ती उघडी किती जणांपुढे पडणार, हे आधी ठरवायला हवे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अपेक्षा करतो. शाळेने आम्हाला कधी काही विचारले नव्हते.

प्रतिसाद 5 : सरावसंच

मोगरा ताई, हे वाचून अंगावर काटा आला. आमचा ब्लॉग बंद आहे, निमंत्रण दिलेल्यांनाच दिसतो आणि पालकांकडून जूनमध्येच लेखी संमती घेतली आहे. नोंदीवर मुलांची नावे नसतात, गटांची असतात, आणि ती मुलांनी स्वतः ठेवली आहेत : लसावि, पायथागोरस, शून्य, उणे एक. त्यामुळे चूक गटाची होते, एकट्याची होत नाही. तरीही पडद्याचे चित्र काढणे मी थांबवू शकत नाही, हे मान्य आहे. वर्गात एक नियम आम्ही मिळून केला आहे : दुसऱ्या गटाच्या नोंदीखाली ‘चूक’ असे लिहायचे नाही, प्रश्न लिहायचा.

प्रतिसाद 6 : महिरपी कंस

मी संगणक अभियंता आहे आणि शनिवारी एका वस्तीतल्या मुलांचे गणित घेतो. ब्लॉगचा एक फायदा तुमच्या लक्षात आला का ते पाहा. कागदावर मूल अपूर्णांक वर-खाली लिहिते, त्यामुळे कंसाची गरज पडत नाही. टंकताना मात्र सारे एका ओळीत येते. आमच्या एका मुलाने एक भागिले 2x असे मनात धरून 1/2x लिहिले. जिओजेब्राने ते अर्धा गुणिले x असे वाचले आणि वक्राऐवजी सरळ रेष काढून दिली. तो तासभर संगणकाला दोष देत होता. मग स्वतःच 1/(2x) लिहिले आणि दोन तुकड्यांचा वक्र उमटल्यावर ओरडला. कंसाचे महत्त्व मी त्याला सहा महिने सांगत होतो.

दुसरी गोष्ट भूमितीची. चौरस काढा म्हटले की मुले चार बिंदू अंदाजाने ठेवतात आणि चौरस दिसतो. मग मी एक बिंदू ओढायला सांगतो. आकृती वेडीवाकडी झाली तर तो चौरस नव्हता, चौरसाचे चित्र होते. लंब काढून, वर्तुळाने बाजू मोजून केलेला चौरस कसाही ओढला तरी चौरसच राहतो. मुलांनी याला ‘ओढून पाहणे’ असे नाव दिले आहे, आणि आता ती एकमेकांच्या आकृत्या आधी ओढून पाहतात, मग मान डोलावतात. ज्यांना जिओजेब्रा शिकायचे आहे त्यांच्यासाठी मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात छोटे पाठ आहेत.

मोबाईल नसलेल्या वर्गासाठी प्लिकर्स हे ॲप पाहा. मुलांच्या हातात छापील कार्डे, कार्ड ज्या बाजूने उभे धरले ते उत्तर, आणि शिक्षकाने एकाच मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. हडसनकाठ यांनी सांगितलेला मझूर यांचा प्रयोग त्यावर छान जमतो, आणि कोणी काय उत्तर दिले ते शेजाऱ्याला कळत नाही.

प्रतिसाद 7 : खडूफळा

कार्डाची कल्पना मला आवडली, कारण तिला वीज कमी लागते. परंतु एक शंका राहतेच. आजकाल मुले चॅटजीपीटीला विचारून सुबक मराठीत नोंद लिहून आणतील, त्याचे काय?

प्रतिसाद 8 : सरावसंच

सर, दोन गटांनी ते केलेच. ओळखायला कष्ट पडले नाहीत, कारण नोंदीत ‘समतुल्यता राखणे आवश्यक ठरते’ असे वाक्य होते आणि आमच्या नववीत असे कोणी बोलत नाही. मी रागावले नाही. तासाला त्या दोन गटांतल्या एकेकाला फळ्यापाशी बोलावले आणि समतुल्यता म्हणजे काय ते तराजूने दाखवायला सांगितले. तराजू जवळच्या वाणसामानाच्या दुकानातून मागून आणला होता. त्यांनी डाव्या पारड्यातून 200 ग्रॅमचे वजन उचलले, पारडे वर गेले आणि ती दोघे एकमेकांकडे पाहू लागली. पुढची नोंद त्यांनी स्वतः लिहिली, अशुद्ध आणि बरोबर.

प्रतिसाद 9 : शेषफल

मी गोव्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात गणित शिकवतो. धागा आवडीने वाचला, परंतु एका ठिकाणी सावध करावेसे वाटते. ‘दोन्ही बाजूंवर तीच क्रिया केली की छेदनबिंदू त्याच उभ्या रेषेवर राहतो’ असा नियम तुमच्या मुलांच्या मनात पक्का बसेल, आणि तोच पुढे माझ्याकडे अकरावीत येईल. x² = 5x घ्या. y = x² आणि y = 5x यांचे छेद दोन आहेत, x = 0 आणि x = 5. दोन्ही बाजूंना x ने भागा, आता y = x आणि y = 5 यांचा छेद एकच उरतो. शून्य हे उत्तर वाटेत हरवले. उलट √x = x − 2 चे दोन्ही बाजूंचे वर्ग केले तर x² − 5x + 4 = 0 मिळते आणि 1 व 4 अशी दोन उत्तरे येतात. 4 बरोबर आहे. 1 ठेवून पाहिले तर डावीकडे 1 आणि उजवीकडे उणे 1 येतो. म्हणजे एक क्रिया उत्तर गिळते आणि दुसरी खोटे उत्तर आणून ठेवते. अकरावीतल्या मुलांना हे सांगून पटत नाही, कारण ‘दोन्हीकडे सारखेच केले ना, सर?’ हे त्यांचे ब्रह्मवाक्य असते. मी सुद्धा हे फळ्यावरच सांगत आलो आहे. तुमचा धागा वाचून पहिल्यांदा वाटले की, मुलांनी ते आधी लिहावे.

प्रतिसाद 10 : सरावसंच

शेषफल सर, मनःपूर्वक आभार. नववीला ‘वेस’ मोडून काढताना मी दुसरी वेस बांधत होते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. वर्गमुळाचे उदाहरण नववीला जड जाईल, परंतु x² = 5x दहावीत वर्गसमीकरणांच्या आधी नक्की घेते. दहावीच्या तुकडीला ब्लॉग नाही, तेव्हा त्यांच्यासाठी एक जुनी वही ठेवते आणि खडूफळा सरांचा मान राखते. उद्या घरी न्यायचा प्रश्न असा लिहून ठेवला आहे :

‘एका गटाने x² = 5x हे समीकरण x ने भागून x = 5 असे उत्तर काढले. दुसऱ्या गटाने x च्या जागी 0 ठेवून पाहिले आणि दोन्ही बाजू सारख्या आल्या. पहिल्या गटाने कोणती पायरी टाकली तेव्हा 0 हरवला? भागण्यापूर्वी त्यांनी स्वतःला कोणता प्रश्न विचारायला हवा होता? आलेख काढू नका, आधी शब्दांत लिहा.’